कच्चं, पक्कं की पट्टा? मनगट मोडल्यावर काय घालायचं आणि का

दोंडाईच्याहून बोलतेय.

हा भाग ऐकताना तुमच्यापैकी कुणाच्या हाताला प्लास्टर असेल, तर आधी एक काम करा. बोटं पूर्ण उघडा. आता मूठ मिटा. परत उघडा. जमलं ना? बोटांचा रंग दुसऱ्या हातासारखाच आहे ना? मग निवांत ऐका. जमत नसेल, बोटं बधिर वाटत असतील किंवा निळी-पांढरी पडली असतील, तर हा भाग इथंच थांबवा आणि दवाखान्यात जा. भाग कुठं पळून जात नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्लास्टर घालणं माझं काम नाही, ते हाडांचे डॉक्टर करतात. माझ्याकडे माणसं येतात ती नंतर. प्लास्टर निघालेलं असतं, हात बारीक झालेला असतो, मनगट वाकत नसतं. त्यामुळे मी या विषयाकडे मागच्या बाजूने बघते. कुणाला काय घातलं होतं आणि दोन महिन्यांनी तो हात भाकरी थापतो की नाही, गाडीचा क्लच दाबतो की नाही, हे मला दिसतं.

आणि मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कुठला, माहितीये? "मॅडम, त्यांनी कच्चंच प्लास्टर घातलं होतं. पक्कं घातलं असतं तर लवकर बरं झालं असतं ना?" हल्ली त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो. "माझ्या भाच्याला पुण्यात नुसता पट्टा दिला, मला एवढं जड प्लास्टर का?"

आज या दोन प्रश्नांवरच बोलायचंय.

आधी नावं नीट लावू

आपल्याकडे तीन शब्द चालतात. कच्चं प्लास्टर, पक्कं प्लास्टर आणि पट्टा.

कच्चं प्लास्टर म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत स्लॅब. हाताच्या एकाच बाजूला प्लास्टरची कडक पट्टी असते आणि ती क्रेप बँडेजने बांधलेली असते. दुसऱ्या बाजूला फक्त कापूस आणि कापड.

पक्कं प्लास्टर म्हणजे कास्ट. हाताभोवती गोल, सगळीकडून कडक. ते काढायला कटर लागतो.

पट्टा म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारा मनगटाचा स्प्लिंट. आत धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी, वरून वेल्क्रो. घरी काढता-घालता येतो.

म्हणजे खरं तर स्लॅब आणि पट्टा एका जातीचे आणि पक्कं प्लास्टर दुसऱ्या जातीचं. पहिल्या जातीत सैल व्हायला जागा असते, दुसऱ्या जातीत नसते. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आता "कच्चं" या शब्दानेच गोंधळ केलाय. कच्चं म्हटलं की आपल्याला वाटतं अर्धवट काम. कच्ची वीट, कच्चा रस्ता. मग पेशंटला वाटतं, डॉक्टरांनी पैसे वाचवले किंवा परत बोलवायची सोय करून ठेवली. तसं नसतं. का नसतं, ते सांगते.

पडल्यावर आत काय होतं

माणूस पडताना हात पुढे करतो. ते आपोआप होतं. सगळं वजन तळहातावर येतं आणि अंगठ्याच्या बाजूचं जे जाड हाड आहे, रेडियस, ते मनगटाच्या जरा वर मोडतं. १८१४ मध्ये डब्लिनच्या अब्राहम कोलिस नावाच्या सर्जनने या मोडीचं वर्णन लिहिलं. एक्सरे तेव्हा नव्हताच, त्याचा शोध लागला १८९५ मध्ये. कोलिसने नुसता हात बघून, चाचपून लिहिलं होतं. आजही तिला कोलिस फ्रॅक्चरच म्हणतात. हात बाजूने बघितला तर जेवणाच्या काट्यासारखा बाक दिसतो.

हाड मोडल्यावर दोन गोष्टी सुरू होतात आणि त्या एकमेकींच्या उलट मागणी करतात.

पहिली गोष्ट, मोडलेले तुकडे सरकू बघतात. स्नायू त्यांना ओढत असतात. त्यांना जागेवर ठेवायचं तर घट्ट धरायला हवं.

दुसरी गोष्ट, सूज. पहिले दोन-तीन दिवस ती वाढत जाते. सूज वाढतेय आणि बाहेरचं कवच कडक आहे, तर दाब आत जातो. रक्तवाहिन्यांवर, नसांवर, स्नायूंवर. म्हणजे सुजेसाठी सैल हवं.

घट्ट की सैल? पहिल्या दिवशी डॉक्टर हाच हिशेब करत असतात. म्हणून ताज्या मोडीला, सुजलेल्या हाताला बहुतेक वेळा स्लॅब घालतात. एका बाजूने आधार मिळतो, दुसऱ्या बाजूने सुजेला वाट मिळते. आठवड्याभरात सूज उतरली की तेच काढून पक्कं घालतात, कारण सूज उतरल्यावर स्लॅब ढिला होतो आणि हाड सरकायची भीती वाढते. म्हणजे कच्चं प्लास्टर हा पहिल्या आठवड्याचा योग्य इलाज आहे. ते कमी दर्जाचं नाही. उलट पहिल्याच दिवशी कुणी गोल पक्कं घातलं असेल, तर त्या हातावर जास्त लक्ष ठेवायचं.

पट्ट्यांची कल्पना नवी नाही

तुम्हाला वाटेल, हा सूज आणि घट्टपणाचा विचार आत्ताचा आहे. नाही. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडावरचा एक पूर्ण अध्याय आहे. त्यात बांधायला कुठल्या झाडांच्या साली आणि पट्ट्या वापरायच्या, त्याची यादी आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड, बांबू. यातली बहुतेक झाडं तुम्ही साक्री-नवापूरच्या रस्त्याला बघितली असतील.

मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते वेगळंच आहे. बांधलेलं किती दिवसांनी सोडून परत बांधायचं, हे तिथं ऋतूप्रमाणे दिलंय. थंडीत ७ दिवसांनी, मध्यम हवेत ५ दिवसांनी आणि उन्हाळ्यात ३ दिवसांनी. शिवाय स्पष्ट सांगितलंय की सैल बांधलं तर सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट बांधलं तर सूज येते, दुखतं, पिकतं.

आता हे आपल्याकडच्या काही हाडवैद्यांच्या बांधणीशी ताडून बघा. बांबूच्या कामट्या, लेप, वरून करकचून दोरी आणि "पंधरा दिवस सोडू नको". म्हणजे ज्या परंपरेचं नाव सांगितलं जातं, तिच्यातली सगळ्यात महत्त्वाची सूचनाच गळून पडली आहे. बांबू वाईट नाही. करकचून बांधणं आणि बघायला परत न बोलावणं वाईट आहे.

असा एक हात माझ्याकडे आला होता. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, शाळेत जाणारा. गाव सांगत नाही. हात बांधल्यावर रात्रभर रडला. घरच्यांना वाटलं, हाड मोडलंय म्हटल्यावर दुखणारच. दुसऱ्या दिवशी रडणं कमी झालं, म्हणून सगळे खूश. पण बोटांतली जाणीव गेली होती, म्हणून रडणं थांबलं होतं. माझ्याकडे आला तेव्हा बोटं पंजासारखी आत वळलेली होती आणि सरळ होत नव्हती. याला फोकमन काँट्रॅक्चर म्हणतात. फोकमन नावाच्या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये याच गोष्टीबद्दल लिहिलं होतं, घट्ट बांधलेल्या हाताबद्दल. आत दाब वाढला, स्नायूंना रक्त मिळालं नाही, काही तासांत ते मेले आणि नंतर आखडले. त्या मुलाचं हाड छान जुळलं होतं. एक्सरे एकदम सुंदर. हात मात्र पेन धरत नव्हता.

हे बांबूनेच होतं असं नाही. पक्क्या प्लास्टरनेही होऊ शकतं. म्हणून कुठंही इलाज घ्या, पण हे पाच इशारे पाठ करा. गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललंय. दुसऱ्याने हळूच बोट सरळ केलं तरी जीव जातो. मुंग्या येताहेत किंवा बधिर झालंय. बोटं थंड, पांढरी किंवा निळी पडली आहेत. बोटं हलत नाहीत. यातलं एक जरी असलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी जायचं. तिथं प्लास्टर लांबीने चिरतात, आतला कापूसही चिरतात, दाब मोकळा करतात. प्लास्टर परत घालता येतं. मेलेला स्नायू परत येत नाही.

लहान मुलांचं गणित वेगळं

आता भाच्याला पट्टा का दिला, त्याकडे येऊ.

आखाजी आली की आपल्याकडे निंबाला झोके बांधतात. पोरं उंच झोके घेतात आणि त्यातली काही पडतात. लहान मुलांचं हाड मोठ्यांसारखं कडकन मोडत नाही. ओल्या फांदीसारखं वाकतं किंवा दाबलं जाऊन एका जागी फुगवटा येतो. या फुगवट्याच्या मोडीला बकल किंवा टोरस फ्रॅक्चर म्हणतात. हाडाचे दोन तुकडे झालेलेच नसतात, तर सरकणार काय? आपण मघाशी दोन गोष्टी बोललो, सरकणं आणि सूज. त्यातली सरकण्याची भीती इथं जवळपास नाहीच. मग घट्ट धरायचं कारणही उरत नाही.

ब्रिटनमध्ये २०१६ पासून सरकारी मार्गदर्शक सूचना आहे की मनगटाच्या टोरस फ्रॅक्चरला कडक कास्ट घालू नका. त्यापुढे जाऊन २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिथलाच एक मोठा अभ्यास छापून आला. २३ दवाखाने, ४ ते १५ वर्षांची ९६५ मुलं. सगळ्यांना बकल फ्रॅक्चर. एका गटाला स्प्लिंट किंवा प्लास्टर, दुसऱ्या गटाला नुसतं मऊ बँडेज, तेही हवं असेल तर, आणि घरी पाठवणी. तीन दिवसांनी दोन्ही गटांत दुखणं सारखंच. नंतर बरं होण्यातही फरक नाही.

आणि हाड थोडंसं वाकलेलं असेल तर? कॅनडात टोरांटोच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये याचाच अभ्यास छापला. मनगटाजवळ किंचित वाकलेलं हाड, काही मुलांना काढता येणारा स्प्लिंट, काहींना पक्कं प्लास्टर. सहा आठवड्यांनी हाताच्या कामात स्प्लिंटवाली मुलं मागे नव्हती.

म्हणजे आपल्या पोराला डॉक्टरांनी पट्टा दिला आणि "तीन आठवड्यांनी काढून टाका" म्हटलं, तर त्यांनी हयगय केली असं समजू नका. अट एकच. एक्सरे बघून ती बकलच आहे, हे डॉक्टरांनी ठरवलेलं हवं. फोटो बघून मामाने ठरवलेलं चालत नाही, आणि व्हिडिओ बघून आपण ठरवलेलंही नाही.

मोठ्यांचं काय

मोठ्या माणसात तुकडे सरकलेले असतील, तर डॉक्टर भूल देऊन हाड ओढून जागेवर बसवतात. बसवलेलं हाड परत सरकायला टपलेलंच असतं. इथं पट्टा पुरत नाही. इथं चांगलं, हाताच्या आकाराला नीट दाबून घडवलेलं प्लास्टर लागतं, किंवा तारा, किंवा प्लेट.

मग लोक विचारतात, "प्लास्टरने नाही होणार, तारा टाकाव्याच लागतील ना?" यावरही २०२२ मध्ये ब्रिटनचाच एक अभ्यास आला, 'बीएमजे'मध्ये. सरकलेल्या मोडीची ५०० मोठी माणसं. सगळ्यांचं हाड बसवलं. मग निम्म्यांना तारा, निम्म्यांना घडवलेलं प्लास्टर. वर्षभराने मनगटाचं काम दोन्हीकडे सारखं. पण प्लास्टरवाल्यांपैकी १३ टक्के, म्हणजे साधारण आठातल्या एकाचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि त्यांना नंतर ऑपरेशन लागलं.

या आकड्याचा अर्थ नीट लावा. आठातल्या सातांचं ऑपरेशन टळलं. पण तो आठवा माणूस कोण, हे पहिल्या दिवशी कळत नाही. ते कळतं परत काढलेल्या एक्सरेवर, साधारण पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात. म्हणून डॉक्टर "आठ दिवसांनी या" म्हणतात, ते टाळू नका. कांद्याची काढणी आहे, लग्न आहे, एसटीला गर्दी आहे, सगळं खरं. पण दुसऱ्या आठवड्यात हाड सरकलेलं दिसलं तर परत बसवता येतं. दोन महिन्यांनी दिसलं तर ते वाकडंच जुळलेलं असतं, आणि मग मोठं ऑपरेशन किंवा आयुष्यभर वाकडं मनगट.

आणि तिसरा प्रकार. मोठं माणूस आहे, हाड मोडलंय, पण सरकलेलं नाही, जागच्या जागी आहे. इथं डॉक्टर प्लास्टर किंवा पट्टा, दोन्हीपैकी काहीही निवडू शकतात. तेव्हा निवड हाडापेक्षा माणूस बघून होते.

पट्टा काढता येतो, हीच गोम आहे

पट्ट्याचे फायदे उघड आहेत. हलका असतो, आंघोळीला काढता येतो, खाज आली तर धुता येतं, काढायला कटर लागत नाही, दवाखान्याची एक खेप वाचते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो, तेव्हा पक्क्या प्लास्टरच्या आत काय होतं, ते घातलेल्यालाच विचारा.

पण माझा अनुभव सांगते. मिरचीच्या हंगामात एक मावशी आल्या होत्या. पथारीवर देठ खुडायच्या कामाला जाणाऱ्या. मोड सरकलेली नव्हती, म्हणून पट्टा मिळाला होता. सहाव्या दिवशी पट्टा पिशवीत आणि मावशी पथारीवर. मी विचारलं, "मावशी, पट्टा कुठंय?" म्हणाल्या, "माय, पट्टा घालीसन देठ निंघतस का?" पट्टा घालून देठ निघतात का! त्यांचंही बरोबर होतं. रोज बुडाला तर घर चालत नाही.

अशा माणसाला पक्कं प्लास्टर बरं पडतं. ते काढता येत नाही, आणि घरच्यांना, मुकादमाला दिसतं की हात मोडलाय. पट्ट्याला कुणी मोडलेला हात मानतच नाही. पुण्यात लॅपटॉपवर काम करणाऱ्या भाच्याला पट्टा बरोबर आहे आणि पथारीवरच्या मावशीला प्लास्टर बरोबर आहे, मोड सारखीच असली तरी. म्हणून डॉक्टरांना आपलं काम काय आहे ते सांगा. घरात दुसरं कोण करणारं आहे, परत यायला जमेल का, हे सांगा. न विचारता सांगा. गर्दीच्या ओपीडीत त्यांना विचारायला वेळ मिळेलच असं नाही.

आणि पक्क्या प्लास्टरमध्येही दोन प्रकार आहेत. पांढरं पीओपी आणि रंगीत फायबर. पीओपी म्हणजे जिप्समचा दगड भाजून केलेली भुकटी. ती बँडेजमध्ये घालून वापरायची पद्धत हॉलंडच्या माथायसेन नावाच्या लष्करी डॉक्टरने काढली आणि १८५२ मध्ये छापली. म्हणजे पावणेदोनशे वर्षं होत आली. पाण्यात बुडवलं की काही मिनिटांत धरतं आणि धरताना गरम होतं, तेव्हा घाबरू नका. पण पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात, तोवर त्यावर जोर देऊ नका. हाताच्या आकाराला ते छान बसतं. फायबर हलकं, टिकाऊ आणि महाग. "फायबर आहे, भिजलं तरी चालतं" असं ऐकलं असेल. बाहेरचं फायबर भिजलं तर चालतं, आतला कापूस भिजला तर कातडी कुजते. त्यामुळे दोन्हीला आंघोळीच्या वेळी प्लास्टिकची पिशवी लागते. महाग आहे म्हणून हाड लवकर जुळत नाही. हाड आपल्या वेळेनेच जुळतं, मोठ्यांमध्ये साधारण पाच-सहा आठवडे.

खाज आली तर आत पट्टी, पेन, सुई घालू नका. मिरचीच्या कामावरच्यांनी तर अजिबात नाही. भुकटी आत गेली की काय होतं, ते मी बघितलंय.

तरुण पोरांसाठी एक वेगळी सूचना

तुम्ही बुलेटवरून पडलात, कबड्डीत हातावर आपटलात, एक्सरे काढला, तो नॉर्मल आला. "मुरगळलंय" म्हणून सोडून दिलं. थांबा. अंगठा ताणून वर करा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला, एक खळगा दिसतो. तिथं दाबल्यावर दुखतंय का?

दुखत असेल तर ते स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असू शकतं. काजूएवढं. त्याची मोड पहिल्या एक्सरेत कधी कधी दिसतच नाही. आणि त्याला रक्त उलट्या बाजूने येतं, बोटांकडून मनगटाकडे, त्यामुळे मोडलं तर मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग ते जुळत नाही आणि काही वर्षांनी मनगट झिजतं. म्हणून शंका असली तर डॉक्टर आधार बांधून दहा-चौदा दिवसांनी परत एक्सरे काढतात, किंवा एमआरआय करतात. मनगट मोडायचं वय म्हातारपण आहे असं समजणाऱ्या पंचविशीतल्या पोरांमध्येच हे जास्त दिसतं.

पडल्या पडल्या घरी काय करायचं

पहिलं काम, अंगठी आणि बांगड्या काढा. लगेच. सूज यायच्या आत. आपल्याकडे बाया बांगड्या काढायला तयार नसतात, सवाष्णीने हात मोकळा ठेवायचा नाही म्हणतात. दुसऱ्या हातात घाला. सूज आल्यावर तीच बांगडी हाताभोवती करकचून बसते आणि कापावी लागते.

मग जाड पुठ्ठा किंवा गुंडाळलेलं वर्तमानपत्र हाताखाली ठेवून ओढणीने सैलसर बांधा आणि हात गळ्यात अडकवा. हा झाला तुमचा घरचा स्प्लिंट. बोटं उघडी राहू द्या, दिसली पाहिजेत. ओढून सरळ करू नका, मालिश करू नका, तेल नको. हाड बाहेर दिसतंय किंवा जखम आहे, तर स्वच्छ कापड ठेवून १०८ ला फोन. दोंडाईच्यात पहिला इलाज होतो, पुढचं लागलं तर धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणि माझ्या खात्याचं

आता ज्यासाठी मी मुळात हा भाग केला, ते सांगते. कच्चं, पक्कं, पट्टा, तारा, काहीही असो, बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. प्लास्टर बोटांच्या मुळाशी संपतं ते याच कारणाने. दर तासाला दहा वेळा मूठ उघडा-मिटा. अंगठा प्रत्येक बोटाला लावा. कोपर वाकवा. हात डोक्यावर न्या, नाहीतर खांदाही धरतो. पहिले दिवस झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा वर.

माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये दोन प्रकारचे हात असतात. एक, ज्यांनी सहा आठवडे बोटं हलवली. मनगट कडक असतं, पण महिन्याभरात कामाला लागतात. दुसरे, ज्यांनी हात झोळीत ठेवून देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा सांभाळला. त्यांची मनगटापेक्षा बोटं जास्त आखडलेली असतात, आणि तिथं मला तीन-तीन महिने लागतात. मला खरंच वाटतं, कुठलं प्लास्टर घातलं याच्या चौकशीत आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा वेळ बोटांना दिला तर माझी गरजच पडणार नाही.

अजून एक. पन्नाशी ओलांडलेली तुमची आई किंवा मावशी चालता चालता पाय घसरून पडली आणि मनगट मोडलं, तर ती फक्त मोड समजू नका. गाडीवरून पडून हाड मोडणं वेगळं आणि उभ्या जागेवरून पडून मोडणं वेगळं. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात आणि मनगट बऱ्याचदा पहिलं सांगतं. त्याच वेळी डॉक्टरांना विचारा, हाडांची तपासणी करायची का, औषध लागेल का. कारण पुढची मोड खुब्याची असू शकते, आणि खुब्याला पट्टा चालत नाही.

तर दवाखान्यात जाल तेव्हा हे चार प्रश्न फोनमध्ये लिहून न्या. एक, हाड सरकलंय का? दोन, सरकायची भीती किती? तीन, परत एक्सरे कधी? चार, बोटं आजपासून हलवू ना? या चारांची उत्तरं मिळाली की कच्चं का, पक्कं का, पट्टा का, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

घरात कुणाचा हात बांधलेला असेल, तर आज रात्री झोपायच्या आधी एकदा विचारा, "बोटं हालतस का?"

भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून चालवा.